रात्र, सकाळ आणि रविवार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिंप्याच्या दुकानात वेळ मोजायची रीत वेगळी असते. 'ईदच्या आत', 'हळदीच्या आदल्या दिवशी', 'शाळा उघडायच्या आधी' असं गिऱ्हाईक सांगतं आणि तिथपर्यंतचे आपले सगळे दिवस त्याचे होतात. वाशिममधल्या अशाच एका दुकानात मी १९८६ साली, दहावी झाल्यावर, काज-बटण करायला बसलो. शिकायची इच्छा होती. गावात कॉलेजही होतं. पण कॉलेज भरायच्या वेळी मी मशीनवर असायचो आणि मशीन थांबायच्या वेळी कॉलेजला कुलूप असायचं.

मित्रहो, शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण शाळा कुणी काढल्या हे सांगतो. त्या किती वाजता भरत, हे फारसं सांगत नाही. पोटासाठी राबणाऱ्याच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तोच असतो.

महात्मा फुल्यांना तो स्वतःच्या अनुभवातून कळला होता. लहानपणी त्यांची शाळा सुटली आणि ते वडिलांबरोबर मळ्यात काम करू लागले. तेव्हा शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. फारसी-उर्दू शिकवणाऱ्या एका मुन्शीने माळ्याच्या पोरासाठी शब्द टाकला, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. पुढे १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवस मालकाचा असेल, तर शाळेने रात्री भरावं, इतका साधा हा विचार होता. पण त्याआधी तो किती जणांना सुचला?

दुसरी वेळ शोधली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. अर्धवट राहिलेल्या अभ्यासाचं दुःख त्यांना ठाऊक होतं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास सोडून परतावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पैसे साठवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं, तेव्हा वर्ग सकाळी भरवले गेले. नोकरी करणाऱ्या तरुणाने आधी तास करावेत आणि मग कामावर जावं. ज्यांच्या घराण्यात कुणी पदवीधर नव्हतं, अशा कितीतरी कारकुनांनी आणि कामगारांनी त्या सकाळच्या तासांना बसून पदवी घेतली.

पण रात्रीची शाळा आणि सकाळचं कॉलेज यांना गाव लागतं, तेही मोठं. मालेगाव, मानोरा, रिसोडकडच्या खेड्यातल्या माणसाने काय करायचं? लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच बाहेरून परीक्षा देण्याची वाट मोकळी केली होती. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि १९७१ पासून रेडिओ-टीव्हीच्या साथीने शिकवू लागलं. आज मी रेडिओवर बोलतो आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. आपल्याकडे आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये आणि दिल्लीत इंदिरा गांधींच्या नावाने १९८५ मध्ये अशी विद्यापीठं निघाली. जुलै १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. आधीच उभ्या असलेल्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रं, वाचून समजेल अशी मराठी पुस्तकं आणि सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रं. रात्र झाली, सकाळ झाली, आता रविवार आला.

माझ्यासाठी यातली मोठी गोष्ट म्हणजे पूर्वतयारी शिक्षणक्रम. मी बारावी नव्हतो, त्यामुळे बाहेरून बीएला बसायचीही सोय नव्हती. पूर्वतयारीची परीक्षा पास झालं की बारावी नसलेल्यालाही बीएला बसता येत होतं. १९९५ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, मी तो फॉर्म भरला. त्यावर 'जिल्हा : अकोला' असं लिहिलं होतं. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला आणि १९९९ मध्ये बीएची शेवटची गुणपत्रिका हातात पडली, तेव्हा मी घर न बदलता जिल्हा बदललेला माणूस होतो.

ती चार वर्षं सोपी नव्हती. परीक्षा मे महिन्यात, म्हणजे ऐन लग्नसराईत. गृहपाठ द्यायच्या दिवशी नेमका कुणाचा तरी सफारी द्यायचा असे. लाइट गेली की पुस्तक आणि मशीन एकाच कंदिलाला येत. इतिहासाच्या अभ्यासात एकदा कळलं की आपलं वाशिम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म आणि इथल्या सर्वसेन राजाने चौथ्या शतकात महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. ते काव्य आज उरलेलं नाही. पुढच्या ग्रंथकारांनी उद्धृत केलेले तुकडे तेवढे उरले आहेत. घरी उर्दू बोलणारा मी मराठीत कविता करतो म्हणून लोकांना नवल वाटायचं. त्या दिवसापासून मला माझं नवल वाटेनासं झालं. पदवीने मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगतो.

नोकरी मात्र दिली नाही. एका कार्यालयात माझी गुणपत्रिका उलटीपालटी करून साहेब म्हणाले, "मुक्तचं आहे का? म्हणजे घरबसल्या." मी काही बोललो नाही. मान्यताप्राप्त मुक्त आणि दूरस्थ शिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. ती बातमी मी दुकानातच वाचली.

'घरबसल्या' हा शब्द मात्र मनात रुतून बसला. आणि खरं सांगायचं तर, त्या साहेबांच्या नकळत त्यात एक सत्य होतं. मी वाचत बसायचो, तेव्हा घरात दुसरं कुणीतरी बसलेलं नसायचं. संपर्कसत्राला मी रविवारी जायचो आणि रविवारी तर गिऱ्हाईक जास्त. ती तुरपाई कोण करायचं? माझी बायको. ती सातवी शिकलेली. "तुम पढो, काज-बटन मैं कर लेती," असं म्हणून ती कपड्यांचा ढीग पुढ्यात ओढायची आणि तिची झोप माझ्या पुस्तकात जमा व्हायची.

फुल्यांनी रात्र दिली, बाबासाहेबांनी सकाळ दिली, मुक्त विद्यापीठाने रविवार दिला. त्या वेळेत मागे राहिलेलं काम कुणी केलं, हे मात्र कुठल्याच इतिहासात लिहिलेलं नाही. नोकरी करून पदवी घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असं एक माणूस असतं. बहुतेक वेळा ती बाई असते आणि तिचा स्वतःचा फॉर्म भरायचा राहून गेलेला असतो. आमच्या घरी तो राहिलाच. मी तिला विचारलं, तेव्हा मुलं शाळेत होती. पुन्हा विचारलं, तेव्हा तिचे डोळे शिलाईने थकले होते.

पदवीचं प्रमाणपत्र दुकानात टेपच्या खिळ्याशेजारी टांगलेलं आहे. त्यावर एकच नाव आहे. ते अपुरं आहे, हे मी आज सर्वांसमक्ष सांगतो. ज्यांच्या घरी असा एखादा फॉर्म राहून गेला आहे, त्यांनी तो यंदा आणावा. आणि तो भरणाऱ्या बाईच्या वाटची तुरपाई घरातल्या पुरुषाने करावी.