मुकादम, बदली कार्ड आणि हिंजवडीतला एआय

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी भाग. ऐकणारे बहुतेक वाकडच्या पुलाखाली अडकलेले असणार. म्हणजे वेळ भरपूर आहे.

मी हिंजवडीत फेज टूमध्ये एचआरचं काम करते. सध्या आमच्या क्षेत्रात जेवायला बसलं की एकच विषय निघतो: भरतीसाठी एआय वापरायचा की नाही? काहींना वाटतं, आपली नोकरी जाणार. काहींना वाटतं, बायोडेटे वाचण्याच्या कटकटीतून सुटलो. मला मात्र दर वेळी माझे आजोबा आठवतात.

आजोबा परळच्या एका गिरणीत 'बदली' होते. बदली म्हणजे ट्रान्सफर नाही हं! कायम कामगार आला नाही, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस. सकाळी भोंगा व्हायच्या आत गेटवर जाऊन उभं राहायचं. काम मिळालं तर मिळालं, नाहीतर परत खोलीवर. आजोबा सांगायचे, साच्यावरचं काम शिकण्याआधी जॉबरच्या नजरेत राहायला शिकावं लागतं.

हा जॉबर, म्हणजेच मुकादम, म्हणजे आपल्याकडचा पहिला 'रिक्रूटर' म्हणायला हरकत नाही. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या आणि कोकणातून, साताऱ्याकडून माणसं येऊ लागली. मालकांना आणि मॅनेजरांना ना ही माणसं माहीत, ना त्यांची गावं. मग भरती मुकादमाकडे. कामावर घेणं, काढणं, शिकवणं, रजा देणं, सगळं त्याच्याच हातात. बायकांच्या खात्यात हेच काम नाईकीण करायची. कामावर लावलं की दस्तुरी द्यायची, म्हणजे चक्क लाच. (आज रेफरल बोनस असतो. फरक इतकाच, की तो उमेदवाराच्या खिशातून जात नाही.)

पण मुकादमाला नुसता खलनायक करून टाकू नका. मुंबईत नवीन आलेल्या पोराला खोली तोच बघून द्यायचा, अडीनडीला पैसेही द्यायचा, व्याजाने का होईना. कोण कुठल्या गावचा, कोणाच्या घरी आजारपण, त्याला सगळं माहीत असायचं. वाईट हे, की त्याने कुणाला का नाकारलं हे विचारायची सोय नव्हती.

ती सोय करायचा प्रयत्न इंग्रजांच्या काळातच झाला. कामगारांच्या प्रश्नांवर १९२९ मध्ये रॉयल कमिशन नेमलं गेलं, व्हिटली त्याचे अध्यक्ष. १९३१ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढा आणि गिरणीत मॅनेजरच्या थेट हाताखाली लेबर ऑफिसर नेमा. आजच्या एचआरचा पणजोबाच तो!

मग १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कार्डाची योजना आणली. निवडक माणसांना महिन्याच्या सुरुवातीला कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. कागदावर झकास. आता मुकादमाची मर्जी नाही, नोंद बोलणार. प्रत्यक्षात मुकादमाचं वजन पुढे कित्येक वर्षं टिकलं, कारण कार्ड नवीन असलं तरी माणसं ओळखणारा तोच होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथे वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. बदलीचा प्रश्न तरीही सुटला नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात बदली कामगारांना कायम करा ही एक मागणी होतीच. आजोबा त्या संपात गिरणीतून बाहेर पडले, ते पुन्हा आत गेलेच नाहीत.

मधला काळ पटकन सांगते. १९७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोमध्ये उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने मनुष्यबळ विकासाचा वेगळा विभाग उभा राहिला. नोकरी डॉट कॉम आलं १९९७ मध्ये. आणि आमच्या हिंजवडीत भाताच्या खाचरांच्या जागी काचेच्या इमारती आल्या.

आता माझीच गोष्ट. आमच्या ऑफिसात बायोडेटे चाळणारं एआय टूल आलं, तेव्हा सगळ्यात जास्त खूश मी होते. एका जागेला हजारावर अर्ज, आणि यादी दहा मिनिटांत तयार. महिनाभराने सहज म्हणून यादीच्या तळाचे अर्ज उघडले. एक मुलगी होती, सोलापूरची. काम चोख, पण मध्ये दोन वर्षं रिकामी, वडिलांच्या आजारपणामुळे. तिच्या आजूबाजूला तसेच बरेच जण. टूलला हे शिकवलं कुणी? आम्हीच. आमच्या आधीच्या पाच वर्षांच्या निवडी त्याला दाखवल्या होत्या, आणि त्यात खंड पडलेलं जवळजवळ कुणी नव्हतं. त्यातल्या बऱ्याच निवडींवर सही माझी होती. म्हणजे मुकादम मशिनमध्ये नव्हता, खुर्चीत होता. दस्तुरी न घेणारा, एवढंच.

हे आमच्याकडेच झालं असंही नाही. अमेझॉनने असंच एक टूल बनवून बघितलं होतं. आधीच्या अर्जांत पुरुष जास्त, म्हणून ते बायकांच्या अर्जांना कमी गुण द्यायला लागलं आणि शेवटी कंपनीने ते सोडून दिलं. २०१८ मध्ये ही बातमी जगभर गाजली. युरोपने २०२४ च्या एआय कायद्यात भरतीची टूल्स जास्त जोखमीच्या गटात टाकली आहेत.

मग वापरायचं नाही का? वापरायचंच! माझं मत पक्कं आहे. आपण नाही शिकलो तर हे टूल आयटीवाले किंवा विकणारी कंपनी लावून देईल, आणि ते कुणाला का गाळतं हे विचारणारं कुणी उरणार नाही. ऑफर लेटरचा मसुदा, रजेच्या नियमांवर तेच तेच प्रश्न, मुलाखतीचे प्रश्न, इथून सुरुवात करा. त्यात चूक झाली तर दुरुस्त करता येते. मात्र कुणाचाही बायोडेटा फुकटच्या चॅटबॉटमध्ये चिकटवू नका. ती दुसऱ्याची खासगी माहिती आहे, आणि २०२३ पासून त्यासाठी आपल्याकडे कायदाही आहे. निवडीला टूल लावलंत, तर मुकादमाला जे कुणी विचारू शकत नव्हतं ते त्याला विचारा: हा का नको?

आम्ही आता दर शुक्रवारी दुपारी यादीच्या तळाचे वीस अर्ज हाताने वाचतो. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. सोलापूरच्या त्या मुलीला मी स्वतः फोन केला. मंगळवारी अकराची मुलाखत दिली आणि सांगितलं, भूमकर चौकातून येणार असशील तर नऊलाच नीघ.