साखरेचे उत्पादनचक्र, शासकीय धोरण आणि दुसरबीडचा कारखाना

भारतीय साखर उद्योगातील तेजी-मंदीचे चक्र पावसाप्रमाणेच शासकीय निर्णयांनीही फिरत राहिले. आडसाली ऊस तुटण्यास सुमारे दीड वर्ष लागते; साहजिकच भावाचा परिणाम गाळपावर उशिरा दिसतो. १९७७-७८ च्या हंगामात देशात सुमारे ६५ लाख टन साखर झाली आणि ऑगस्ट १९७८ मध्ये केंद्र शासनाने ती पूर्णतः नियंत्रणमुक्त केली. भाव कोसळले, ऊसक्षेत्र घटले, १९७९ च्या दुष्काळाची त्यात भर पडली; १९७९-८० चे उत्पादन ३९ लाख टनांच्या आसपास आले. टंचाईत उसाचा ओघ गुऱ्हाळे व खांडसरीकडे वळतो, हेही विसरता येत नाही. अखेर डिसेंबर १९७९ मध्ये लेव्ही परतली. निर्णय दोन्ही वेळा चक्राच्या मागेच राहिला.

पश्चिम महाराष्ट्रातील पाटपाण्याच्या पट्ट्याला असे हेलकावे सोसता आले. बुलढाणा जिल्हा मुख्यतः कापूस-ज्वारीचा, कोरडवाहू. सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड येथील जिजामाता सहकारी साखर कारखान्याची अडचण म्हणूनच निराळी होती. देशात साखरेचे ढीग असतानाही अशा भागात गाळपाला ऊस अपुरा पडू शकतो. नव्या कारखान्यांना खुल्या विक्रीचा वाढीव कोटा मिळे खरा. परंतु ती सवलत भांडवली खर्चाचा विचार करून दिलेली होती, पाण्याचा नव्हे. १९९८ मध्ये परवाना पद्धती गेली, २०१३ मध्ये लेव्हीही संपली. तोवर दुसरबीडचे गाळप थांबलेले होते.