खय्यामची रुबाई आणि कर्तृत्वाचा प्रश्न

निशापूरचा उमर खय्याम (१०४८–११३१) आपल्या समकालीनांना कवी म्हणून कितपत परिचित होता, हा फार्सी वाङ्मयेतिहासातील जुना वाद आहे. घन समीकरणे शंकुच्छेदांच्या साहाय्याने सोडविणारा गणिती आणि सुलतान मलिकशहाच्या आश्रयाने १०७९ मध्ये अमलात आलेल्या जलाली कालगणनेच्या सिद्धतेत सहभागी असलेला ज्योतिर्विद ही त्याची ओळख निर्विवाद आहे. बाराव्या शतकाच्या मध्यास निजामी अरूजी समरकंदी याने लिहिलेल्या ‘चहार मकाला’त लेखनिक, कवी, ज्योतिषी व वैद्य यांविषयी चार प्रकरणे आहेत. खय्यामला प्रत्यक्ष भेटलेला हा ग्रंथकार त्याची हकीकत सांगतो, ती ज्योतिष्यांच्या प्रकरणात. अर्थात या मौनावर फार भिस्त ठेवता येत नाही. त्या ग्रंथातला कवी हा दरबारी प्रशस्तिकार आहे. विद्वानाने फावल्या वेळी रचलेली चतुष्पदी त्याच्या कक्षेत येतेच असे नाही.

अधिक वजनाची साक्ष विरोधकाची आहे. सूफी नजमुद्दीन राजी याने १२२३ च्या सुमारास ‘मिर्साद-उल्-इबाद’मध्ये दोन रुबाया खय्यामच्या नावे उद्धृत केल्या, त्या तत्त्वज्ञांची दिशाभूल दाखविण्यासाठी. निंदकाला कवीची कीर्ती वाढविण्यात स्वारस्य नसते. म्हणूनच ही साक्ष मोलाची. पण तिच्यातच पुढील गोंधळाचे बीजही आहे. ‘खय्याम’ हे नाव येथे व्यक्तीइतकेच एका वृत्तीचे वाचक झाले आहे.

गझलेच्या शेवटी कवीचा तखल्लुस येऊ शकतो. चार चरणांच्या रुबाईत सहसा मुद्रा नसते. मराठीत ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा असूनही नामदेवाच्या गाथेत विष्णुदास नामा मिसळला. मग बिनमुद्रेच्या रचनेचे काय व्हावे! १४६०–६१ च्या बॉडलियन हस्तलिखितात १५८ रुबाया आहेत; पुढील प्रतींत संख्या कित्येक शेकड्यांवर गेली. झुकोव्हस्की या रशियन पंडिताने १८९७ मध्ये त्यांतील ८२ रुबाया अन्य कवींच्याही नावांवर आढळतात हे दाखवून दिले. यावर जुन्या प्रतींचा शोध हाच उपाय वाटला. परंतु १९५० च्या सुमारास आर्बरीसारख्या जाणत्या संशोधकाने प्रमाण मानलेल्या तेराव्या शतकातील म्हणविणाऱ्या प्रती पुढे बनावट ठरल्या.

सादिक हिदायतने १९३४ मध्ये १४३ रुबाया निवडल्या, त्या विचाराच्या एकसूत्रतेवरून. ही पद्धत आकर्षक, पण चक्राकार आहे: रुबायांवरून खय्यामची वृत्ती ठरवायची आणि त्या वृत्तीवरून पुन्हा रुबाया. तिच्यातून हाती येतो तो निशापूरचा गणिती नव्हे, हिदायतचा खय्याम होय. माधव ज्यूलियनांनी १९२९ मध्ये मूळ फार्सीवरून अनुवाद सिद्ध केला, तेव्हा झुकोव्हस्कीच्या लेखाला तीन दशके उलटून गेली होती. तरी ग्रंथाचे नाव ‘उमरखय्यामकृत रुबाया’ असेच राहिले.