बर्लिन, सहा दिवस, चार माणसं

गेला वीकान्त मी एक्सेल उघडून बसलो होतो. ऑफिसचं काम नव्हतं. मे महिन्यात आम्हा चौघांना एखाद्या परदेशी शहरात सहा दिवस काढायचे आहेत, त्याची शीट. एका कॉलमात वेळ, दुसऱ्यात ठिकाण, तिसऱ्यात तिकीट, चौथ्यात 'पाऊस आला तर'. माझ्यासारख्या माणसाला सुट्टीचाही प्रोजेक्ट प्लॅन लागतो, त्याला इलाज नाही.

यावेळी जरा जास्तच काळजी घेतोय, त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी असाच प्लॅन करून सगळ्यांना पॅरिसला नेलं होतं. चार दिवसांत अकरा ठिकाणं. तिसऱ्या दिवशी लूव्रमध्ये कन्यारत्न एका बाकावर बसलं ते उठेचना. "बाबा, हे सगळं तुला बघायचंय. मला नाही," असं अगदी शांतपणे म्हणाली. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. मी चिडलो, मग तीही चिडली, आणि मोनालिसा बायकोने आणि चिरंजीवांनी दोघांनीच बघितली. आता ती सोळाची आहे. अकरावी संपून बारावीचे क्लास अंगावर येण्यापूर्वी मध्ये जेमतेम आठ दिवस आहेत. पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षा, त्यानंतर कुठल्या गावाला जाईल कोण जाणे. थोडक्यात, चौघांनी मिळून जायची ही शेवटची नाही तरी शेवटून दुसरी सहल. पुन्हा बाकावर बसवायची नव्हती.

म्हणून शहर तिलाच निवडायला सांगितलं. दोन दिवसांनी तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. एक काळा-पांढरा फोटो होता. काटेरी तारेच्या वेटोळ्यावरून उडी मारणारा शिपाई, पाय हवेत, खांद्यावरची बंदूक निसटतेय.

"हा किती वर्षांचा होता रे?"

"एकोणीस."

"म्हणजे आपल्या दादाएवढा?" तिचा मामेभाऊ इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

झालं, बर्लिन ठरलं.

त्या शिपायाचं नाव कॉनराड शूमान. तारीख १५ ऑगस्ट १९६१. बर्लिनची भिंत बांधायला सुरुवात होऊन दोनच दिवस झाले होते आणि भिंत म्हणजे अजून बऱ्याच ठिकाणी नुसती तारच होती. फोटो काढणारा पीटर लाइबिंगही वीस वर्षांचाच. हे वय माझ्या डोक्यात अडकलं आणि मग मी त्याच चष्म्यातून वाचत सुटलो.

भिंत का बांधली याचं शाळेतलं उत्तर 'शीतयुद्ध' असं आहे. खरं आहे, पण त्याने काही कळत नाही. महायुद्धानंतर जर्मनीचे दोन देश झाले. बर्लिन पूर्व जर्मनीच्या पोटात, पण त्याचा पश्चिम भाग अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या ताब्यात. देशांमधली सीमा बंद झाली तरी शहरातली उघडीच होती. पूर्वेतून लोकल पकडायची, चार स्टेशनं पलीकडे उतरायचं, की देश बदलला! १९४९ ते १९६१ या काळात २५ लाखांहून अधिक माणसं पूर्व जर्मनी सोडून गेली आणि त्यातली जवळजवळ निम्मी पंचविशीच्या आतली होती. म्हणजे शिकलेली, नाहीतर शिकण्याच्या वयातली पोरं घर सोडून चालली होती. १३ ऑगस्ट १९६१ ला, रविवारी पहाटे, लोक झोपेत असताना तारा ओढल्या गेल्या. पश्चिम बर्लिनभोवतीचा तो वेढा पुढे १५५ किलोमीटरचा झाला आणि २८ वर्षं टिकला.

मुलं निघून जातायत म्हणून दाराला कडी घालणारा देश. मुलगी पुढच्या वर्षी घराबाहेर पडणार असलेल्या बापाने हे रात्री एक वाजता वाचू नये. असो.

शूमानने उडी मारली तो रस्ता म्हणजे बेर्नाउअर श्ट्रासं. आमच्या शीटमधला पहिला दिवस पूर्ण तिथे. इथली गंमत (गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही) अशी की, एका बाजूच्या इमारती पूर्वेत होत्या आणि त्यांच्या दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत. घराच्या दारातून पाय बाहेर टाकला की परदेश. मग दारं बंद केली, खालच्या मजल्यांच्या खिडक्या विटांनी बुजवल्या, तेव्हा लोक वरच्या मजल्यांवरून उड्या मारू लागले आणि खाली पश्चिमेचे अग्निशामक दलवाले जाळी धरून उभे राहू लागले. इडा झीकमान नावाच्या बाईंनी २२ ऑगस्टला आधी गाद्या-उशा खाली टाकल्या आणि मागोमाग स्वतः उडी मारली. त्या वाचल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा ५९ वा वाढदिवस होता. भिंतीपायी किमान १४० माणसं गेली, त्यातल्या त्या पहिल्या.

याच रस्त्याखाली एक भुयार आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात त्याच्याइतकी चटका लावणारी गोष्ट नाही. १९६४ मध्ये पश्चिमेतल्या काही विद्यार्थ्यांनी एका बंद पडलेल्या बेकरीत खणायला सुरुवात केली. सुमारे १२ मीटर खोल आणि १४५ मीटर लांब, रांगतच जाता येईल एवढं. सहा महिने खपून पलीकडे बाहेर आले ते एका चाळवजा इमारतीच्या मागच्या अंगणातल्या संडासात! ३ आणि ४ ऑक्टोबरच्या दोन रात्रींत ५७ माणसं त्यातून पलीकडे गेली, म्हणून त्याचं नाव 'भुयार ५७'. परवलीचा शब्द होता 'टोकियो', कारण त्याच महिन्यात टोकियोत ऑलिंपिक व्हायचं होतं. खणणाऱ्यांतला एक होता राइनहार्ड फुरर, वय २३. हा पुढे १९८५ मध्ये चॅलेंजर यानातून अंतराळात जाऊन आला. हे वाचल्यावर आठवीतल्या चिरंजीवांनी पहिल्यांदा गेममधून मान वर केली.

पण गोष्ट तिथे संपत नाही. दुसऱ्या रात्री सैनिक अंगणात आले, गोळीबार झाला आणि एगोन शुल्त्झ नावाचा २१ वर्षांचा पूर्वेचा सैनिक मेला. मूळचा तो शिक्षक. पूर्व जर्मनीने जाहीर केलं की, भुयारवाल्या गुंडांनी त्याला मारलं. त्याचं नाव शाळांना दिलं, त्या रस्त्यालाही दिलं. पिस्तूल झाडलेल्या विद्यार्थ्यालाही वाटलं की आपल्याच हातून माणूस मेला, आणि ते ओझं घेऊन तो वर्षानुवर्षं जगला. जर्मनी एक झाल्यावर कागद बाहेर आले, तेव्हा उलगडा झाला. अंधारात शुल्त्झ जमिनीवर पडला होता, तो उठताना त्याच्याच सहकाऱ्याच्या कलाश्निकोव्हची गोळी त्याला लागली होती. शवचिकित्सेच्या अहवालात हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं आणि सरकारने तो अहवाल गुप्त ठेवला.

कन्येचा यावरचा प्रश्न : "म्हणजे त्यांच्याकडे फाईल होती, आणि तरी शाळांमध्ये खोटं शिकवत होते?"

हो. फाईल होती. फायली फारच होत्या. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांकडे, म्हणजे श्टाझीकडे, १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार पगारी माणसं होती, वर लाखावर खबरी. त्यांचे जपून ठेवलेले कागद एका ओळीत लावले तर १११ किलोमीटर होतात. म्हणून दुसरा दिवस लिश्टनबेर्गमधल्या त्यांच्या जुन्या मुख्यालयाचा. तिथे आता संग्रहालय आहे. १५ जानेवारी १९९० ला लोक या इमारतीत घुसले. तोपर्यंत आतल्यांनी कागद नष्ट करण्याचा सपाटा लावला होता. मशिनं थकली, तेव्हा हाताने फाडले. त्या फाटक्या कपट्यांची सुमारे १६ हजार पोती उरली.

आता यापुढचं आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी. नव्वदच्या दशकात ही पोती हाताने जुळवायला घेतली, अक्षरशः जिगसॉसारखी. वेग बघता काही शतकं लागली असती. मग २००७ मध्ये बर्लिनच्याच फ्राउनहोफर संस्थेला काम दिलं की, कपटे स्कॅन करा आणि आकार, रंग, अक्षर, कागदावरच्या रेघा यांवरून सॉफ्टवेअरने जोडा. चाचणीसाठी ४०० पोत्यांचं लक्ष्य होतं. झाली किती? तेवीस. सॉफ्टवेअर चाललं, पण हाताने फाडलेले, चुरगळलेले कपटे पुरेशा वेगाने आणि नीट स्कॅन करणारं यंत्रच नव्हतं. डेमो झकास, प्रॉडक्शनला इनपुट घाण! ज्याने कधी एखादं डेटा मायग्रेशन केलंय त्याला हे वाचून रडू येईल.

आणि सॉफ्टवेअरचा विषय निघालाच आहे तर भिंत पडली ती कशी, तेही ऐका. ९ नोव्हेंबर १९८९ ला संध्याकाळी पक्षाचा प्रवक्ता ग्युंटर शाबोव्स्की पत्रकारांसमोर प्रवासाचे नवे नियम वाचत होता. ते लागू व्हायचे होते दुसऱ्या दिवसापासून, रीतसर अर्ज वगैरे घेऊन. त्याने कागद आधी वाचलाच नव्हता. कोणीतरी विचारलं, कधीपासून? त्याने कागद चाळले आणि म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे लगेच. टीव्हीवर बातमी गेली, हजारो लोक नाक्यांवर लोटले आणि रात्री साडेअकराच्या सुमाराला बोर्नहोल्मर श्ट्रासंच्या नाक्यावर हाराल्ड येगर नावाच्या अधिकाऱ्याने वरून धड आदेश मिळेना म्हणून फाटक उघडून टाकलं. रिलीज नोट न वाचता रिलीज जाहीर करणारा मॅनेजर आणि रात्री सपोर्टला एकटा सापडलेला इंजिनीअर... सांगायला नकोच :-)

चिरंजीवांच्या वाट्याला तिसरा दिवस. कार्ल-मार्क्स-आलेवर कॉम्प्युटर गेम्सचं संग्रहालय आहे आणि तिथे 'पोली-प्ले' नावाचं मशिन आहे. पूर्व जर्मनीत बनलेला हा एकमेव आर्केड गेम. आत झेड-८० प्रोसेसरची देशी नक्कल, आणि खेळांमध्ये पॅकमॅनसारखाच एक ससा-लांडग्याचा खेळ. दुपारी टेम्पलहोफ. हा विमानतळ २००८ मध्ये बंद झाला, २०१० पासून धावपट्टीवर लोक सायकली चालवतात. १९४८ मध्ये सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते-रेल्वे तोडले, तेव्हा जवळजवळ वर्षभर शहराचं अन्न आणि कोळसा विमानाने आला, मुख्यतः याच धावपट्टीवर. गेल हॅल्वर्सन नावाचा अमेरिकन वैमानिक कुंपणाशी जमलेल्या पोरांसाठी रुमालाच्या पॅराशूटला चॉकलेटं बांधून टाकायचा. त्याचं विमान ओळखू यावं म्हणून पंख हलवायचा.

चौथा दिवस माझ्या हट्टाचा. शहराच्या नैऋत्येला डालेम नावाचा शांत भाग आहे, तिथे १९२७ मध्ये एक मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली. ऑयगेन फिशर हा संचालक. त्याच्या हाताखाली पीएच.डी. करायला पुण्याहून एक मुलगी गेली होती, इरावती कर्वे. 'युगान्त'वाल्या इरावतीबाई. विषय होता माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधला फरक. अमुक वंशाची कवटी अधिक असमान, असं काही निघेल ही गुरूची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी त्याचा संबंध दिसत नाही, असं लिहून मोकळ्या झाल्या. पंचविशीत, परक्या देशात, गाइडच्या विरोधात! पुढे नाझी काळात याच संस्थेकडे आउश्वित्झहून माणसांचे अवयव येत होते. ती इमारत आज विद्यापीठात आहे आणि दाराशी पाटी आहे. कन्या म्हणाली, "बघू." तिच्या भाषेत ही पसंती असते.

बाकीचं पटापट. शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि लहान मुलांच्या अर्जावर आई-बाप दोघांच्या सह्या लागतात. व्हिसावाल्यांच्या लेखी मुलं बाराव्या वर्षी मोठी होतात, म्हणजे आमच्या दोघांची फी पूर्ण. बर्लिनच्या मेट्रोत मात्र चौदापर्यंत सवलत आहे. सरकारी संग्रहालयांत अठराच्या आतल्यांना फुकट. पेर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ मध्ये दुरुस्तीसाठी पूर्ण बंद झालं, त्यामुळे ते यादीत टाकण्याआधी काय उघडलंय ते तपासा. संसदेच्या घुमटाला तिकीट नाही, पण नाव आधी नोंदवावं लागतं. मे महिन्यात रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा सकाळी पोरांना सातला उठवायची गरज नाही. (हे वाक्य बायकोने घालायला लावलं.)

पाचवा दिवस पावसासाठी राखीव. राहिला सहावा. तिथे मी 'म्युझियम आयलंड' लिहिलं होतं. गुरुवारी रात्री शीट उघडली तर कुणीतरी ते पुसून लिहिलं होतं : 'यू-८. फक्त आम्ही दोघं.'

यू-८ ही मेट्रोची लाइन. पश्चिमेतून निघून पूर्वेच्या खालून पुन्हा पश्चिमेत जाते. भिंतीच्या काळात पश्चिमेच्या गाड्या मधल्या सहा स्टेशनांवर न थांबता हळूहळू जायच्या. मंद दिवे, फलाटावर फक्त पहारेकरी. लोक त्यांना भुताची स्टेशनं म्हणायचे. भिंत पडल्यावर दोनच दिवसांत, ११ नोव्हेंबरला, त्यातलं यानोविट्झब्र्युकं सगळ्यात आधी उघडलं. कन्येचा बेत असा की फोल्टाश्ट्रासंपासून मोरिट्झप्लाट्झपर्यंत जायचं, सहाही स्टेशनांवर उतरायचं, वर येऊन आजूबाजूला हिंडायचं, तिथलंच काहीतरी खायचं आणि संध्याकाळी हॉटेलवर यायचं. भाऊ सोबत. आई-बाबा नाहीत.

मी म्हटलं, भाषा येत नाही. ती म्हणाली, तुला येते? मी म्हटलं, हरवलात तर? ती म्हणाली, सरळ रेषेत जाणारी एक लाइन आहे, बाबा.

दोन दिवस कुढून शेवटी हो म्हटलं. अट एकच, प्रत्येक स्टेशनावरून मेसेज. ती म्हणाली, तीन. चारवर तोडगा निघाला.

"आणि त्या दिवशी आपण दोघांनी काय करायचं?" बायकोने विचारलं. तो कॉलम अजून रिकामा आहे.