दारफाळणीचा सण

योम किप्पूर हा ज्यू पंचांगातील सर्वांत पवित्र दिवस, प्रायश्चित्ताचा. कोकणातल्या बेने इस्राएलांकडे मात्र हे हिब्रू नाव फार काळ नव्हते. ते या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, म्हणजे दारे बंद करण्याचा सण. त्या दिवशी घरोघरी दारे लावून घेत, उपवास करीत आणि बाहेरच्या कोणाचाही स्पर्श टाळीत. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ येई. त्या दिवशी दानधर्म होई.

शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या तेल्यांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यापाशी ना ग्रंथ उरला होता, ना धर्मगुरू. ‘शेमा’ ही एक प्रार्थना तेवढी मुखोद्गत होती. पण सण टिकले, आणि नावे मराठी झाली. नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे सुतक म्हणजे ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवसांत केळीच्या पानावर वालाचे बिरडे वाढले जाई. वल्हांडणाला, म्हणजे पेसाहला, खमीर वर्ज्य. इथे त्याचे नाव पडले ‘अनाशी ढाकाचा सण’. आंबट कालवणाचे मडके या सणात झाकून ठेवीत. ते का झाकायचे, हे विस्मृतीत गेले. झाकणे मात्र राहिले. शेजारचे मुसलमानी शब्दही आपलेसे झाले. उपवासाला ‘रोजा’ म्हणत, आणि पुढे प्रार्थनालय झाले तेव्हा त्याला ‘मशीद’.

हे प्रार्थनालय सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत बांधले. कोचीनच्या ज्यूंशी संबंध वाढले. जॉन विल्सन यांचे मराठीतून हिब्रू शिकवणारे व्याकरण १८३२ साली निघाले. हळूहळू हिब्रू नावे परतली आणि मराठी नावे मागे पडली. हाइम शमुएल केहिमकरांनी १८९७ साली लिहिलेल्या इतिहासात ती नोंदली. पण ते पुस्तक छापले गेले १९३७ मध्ये.

ही नावे अज्ञानाची खूण मानावीत का? प्रश्न केवळ शब्दांचा नव्हता. १९६२ साली इस्राएलच्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांपूर्वी वंशाची खास चौकशी सांगितली. आंदोलन झाले, आणि १९६४ मध्ये ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचा निर्वाळा मिळाला.

योम किप्पूरच्या अखेरच्या प्रार्थनेला ‘नेईला’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच मिटणे, बंद होणे. स्वर्गाची दारे मिटण्यापूर्वीची ती विनवणी. तिचा आणि ‘दारफाळणी’चा धागा एकच, असे सिद्ध करता येणार नाही. पण एवढे म्हणता येते की, ज्यांच्यापाशी ग्रंथ नव्हता त्यांनी धर्म कृतीत जपला, आणि त्या कृतीला जे नाव दिले ते आपल्या मायबोलीतले होते. हिब्रू नाव परत आले म्हणून ते नाव खोटे ठरत नाही. मधल्या शतकांत तो दिवस त्याच नावाने पाळला गेला.