डबा, चावी आणि कविता

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकातलं मला कळतं ते बेताचंच. तरीही आज एका फाइलीचा इतिहास सांगणार आहे, कारण त्या फाइलीत एका कवीची आयुष्यभराची कमाई होती.

गोष्ट १९९८ ची. कल्याणचे एक शिक्षक, माझे ज्येष्ठ स्नेही, यांचा पहिला संग्रह निघायचा होता. अक्षरजुळणी डोंबिवलीत, छपाई ठाण्यात. फ्लॉपी खिशात घालून मी लोकलने ठाण्याला गेलो. छापखान्यात ती उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा! तेव्हाचे मराठी फॉण्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली वळणं बसवत. तोच फॉण्ट समोरच्या संगणकात नसेल, तर मराठीचं पार भजं होई. शिवाय फॉण्ट, पानं आणि मुखपृष्ठ मिळून १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावतही नव्हतं.

डोंबिवलीचा डीटीपीवाला पोरगा हुशार. म्हणाला, ''सर, सगळं एकाच फाइलीत दाबून देतो. तिथे फक्त डबल क्लिक करा, आपोआप उलगडेल.''

हे दाबणं म्हणजे काय? भजनाच्या पुस्तकात ध्रुवपद एकदाच पूर्ण छापतात. पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसतं 'ध्रु.' लिहिलं, की गाणारा काय ते समजतो. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव या इस्रायली संशोधकांनी १९७७ मध्ये जी रीत मांडली, तिचं मर्म हेच. पुन्हा आलेला मजकूर पुन्हा लिहायचा नाही. 'मागे इतक्या अंतरावर, इतकी अक्षरं' एवढी खूण करायची. गझलेत रदीफ शेरामागून शेर परत येतो, म्हणून मला हे चटकन पटलं.

या रीतीचा आधार घेऊन अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या फिल कॅट्झने १९८९ मध्ये 'पीकेझिप' आणलं. पण दाबलेली फाइल उघडायला समोरच्याकडेही तो प्रोग्रॅम हवा. त्यावर तोड अशी, की उलगडणारा छोटा प्रोग्रॅम फाइलीच्या पुढेच जोडून द्यायचा. डब्यालाच चावी बांधली म्हणा ना! हे जमतं, कारण झिप फाइलीची अनुक्रमणिका शेवटी असते; पुढे काही जोडलं तरी आतला माल शाबूत राहतो. त्या दिवशी डबा ठाण्यात उघडला, फॉण्ट बसला आणि संग्रह छापून झाला.

पुढे ते शिक्षक गेले. पुस्तकाची एकही प्रत घरात उरली नव्हती. मध्यंतरी त्यांची मुलगी एक जुनी सीडी घेऊन आली. तिच्यात तीच फाइल. मोठ्या आशेने डबल क्लिक केलं, आणि संगणकाने साफ नकार दिला. चावी होती डॉसच्या काळातली, सोळा बिटांची. चौसष्ट बिटांचं विंडोज तसले प्रोग्रॅम चालवतच नाही. मुलीचा चेहरा पडला.

पण कॅट्झने एक थोर काम करून ठेवलं होतं. झिपची घडण त्याने जगजाहीर केली होती; कुणीही तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहावा. तो २००० मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला, पण त्याची घडण राहिली. आजच्या एका मोफत प्रोग्रॅमने चावी बाजूला सारून थेट अनुक्रमणिका गाठली. आत कविता होत्या आणि त्यांच्याजवळच तो जुना फॉण्टही! तो बसवला आणि सरांच्या ओळी पुन्हा मराठीत दिसू लागल्या. आता आम्ही दोघं त्या युनिकोडमध्ये टंकतो आहोत. देवनागरीला १९९१ पासून युनिकोडमध्ये स्वतःची जागा आहे. तिला कुणा एका फॉण्टची मिंधेगिरी करावी लागत नाही.

डब्याला बांधलेली चावी सोयीची खरी, पण चावीही गंजते. टिकला तो कुणालाही उघडता येईल असा डबा, आणि त्या पोराने न विसरता आत ठेवलेला फॉण्ट. तुमच्या घरीही जुन्या फ्लॉप्या, सीड्या पडून असतील. कुणाच्या तरी कविता, कुणाची पत्रं त्यांत झोपली असतील. येत्या रविवारी एखादी उघडून पाहा. उशीर झाला, तर ती उठणार नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)