सायलेन्सर बदलला आणि दिवा पेटला

थ्रेड : अमेरिकी मोटारीच्या एका नळीचा शंभर वर्षांचा इतिहास

१/ अमेरिकेतील एखादे उपनगर. शनिवारची सकाळ. घराच्या गॅरेजात मोटार जॅकने उचलून स्टँडवर टेकवलेली आहे. मालकाने बाजारातून आणलेली नवी एक्झॉस्ट नळी दिवसभर खपून स्वतः बसवली. संध्याकाळी इंजिन सुरू झाले आणि दोन गोष्टी एकदम घडल्या : खालून टिक्-टिक् आवाज येऊ लागला आणि समोर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा पेटला. सर्व नट घट्ट आहेत. मग चुकले काय? हा प्रश्न पान्याचा वाटतो; पण त्याचे अर्धे उत्तर इतिहासात आहे.

२/ प्रारंभी या नळीचे काम एकच होते : आवाज दाबणे. १८९७ साली इंडियाना राज्यातील कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या बंधूंना इंजिनाच्या सायलेन्सरचे अमेरिकी पेटंट मिळाले. मात्र सायलेन्सरमुळे इंजिनाची शक्ती घटते, अशी चालकांची तक्रार होती. म्हणून अनेक जुन्या मोटारींत ‘कटआउट’ नावाची झडप असे. गावाबाहेर पडताच ती उघडायची आणि धूर सायलेन्सर टाळून थेट बाहेर सोडायचा. शांतता शेजाऱ्यांची, शक्ती मालकाची! पुढच्या शतकातील सगळे भांडण या झडपेत बीजरूपाने आहे.

३/ १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असे व्ही-८ इंजिन बाजारात आणले. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण अशा गाड्या सोलून हलक्या करीत आणि म्युरॉक, एल मिराज यांसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर शर्यती लावीत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांची संघटना उभी राहिली. घरच्या अंगणात गाडीची नळी बदलण्याची संस्कृती याच मातीत रुजली. १९६३ मध्ये सुट्या भागांच्या उत्पादकांनी ‘सेमा’ ही संघटना स्थापली, तेव्हा छंदाचा उद्योग झालेला होता.

४/ या मंडळींनी एक गोष्ट अनुभवातून शिकली. प्रत्येक सिलिंडरमधून धूर सलग येत नाही, धक्क्या-धक्क्याने येतो. नळीची लांबी आणि व्यास योग्य असेल, तर एका धक्क्यामागे निर्माण होणारा कमी दाब सिलिंडरमधील उरलासुरला धूर ओढून घेतो. ‘इंजिनाला थोडा उलट दाब लागतोच’ हा समज चुकीचा आहे; लागतो तो वेग. वाजवीपेक्षा जाड नळी बसवली की धुराचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवर गाडी अधिकच निस्तेज होते. नळी नवी आणि ओढ कमी, या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते.

५/ त्या काळातील बिघाड कानाने आणि डोळ्यांनी सापडत. थंड इंजिनावर टिक्-टिक् आणि तापल्यावर शांत, म्हणजे मॅनिफोल्डच्या जोडाशी गळती. धातू प्रसरण पावला की फट बुजते. जोडाभोवती काजळीचा काळा ओघळ, म्हणजे गळतीची जागा तीच. खडखड म्हणजे नळी उष्णतारोधक पत्र्याला घासते आहे. उपायही जुनाच : सर्व भाग आधी सैलसर टांगायचे, रबरी टांगण्यांवर भार समान आणायचा आणि मगच पुढून मागे एकेक जोड आवळायचा. पहिलाच जोड करकचून आवळला, तर पुढची सारी नळी वाकडी बसते.

६/ पण तोवर एका शहराचेच निदान चुकत होते. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारे धुके उतरले. संशय कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो बंद केला, तरी धुके येतच राहिले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! खरे कारण पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट यांनी दाखवले. अननसाच्या स्वादाचे रसायन अभ्यासणारा हा शास्त्रज्ञ. मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणारी हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड सूर्यप्रकाशात एकत्र येऊन ते धुके तयार करीत होती.

७/ आता नळीवर दुसरे काम आले : धूर शुद्ध करणे. मूळचे फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री यांनी पन्नाशीच्या दशकातच धुरासाठी उत्प्रेरक तयार केला होता. परंतु पेट्रोलमधील शिसे त्याच्यावर थर धरून त्याला निकामी करी. १९७० च्या ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’ने प्रमुख प्रदूषकांत ९० टक्के घट करण्याचे बंधन घातले. १९७४ पासून पंपांवर शिसेविरहित पेट्रोल सक्तीने उपलब्ध झाले आणि १९७५ च्या मॉडेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास आला. शिसेयुक्त पेट्रोलची जाड तोटी आत जाऊ नये, म्हणून टाकीचे तोंडही अरुंद केले गेले.

८/ हीच जोडी वीस वर्षांनी भारतात आली. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आणि नव्या मोटारींना कन्व्हर्टर यांची एकत्रच सुरुवात झाली; २००० पर्यंत देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नव्हता.

९/ नळीचे तिसरे काम सर्वांत विलक्षण : इंजिनाला बातमी देणे. तीन प्रदूषकांवर एकाच वेळी काम करणारा उत्प्रेरक तेव्हाच पूर्ण फळ देतो, जेव्हा वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण राखले जाते. त्यासाठी बॉशने धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर तयार केला आणि १९७६ मध्ये तो कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्व्हो गाड्यांत बसला. यानंतर नळी ही केवळ मोरी राहिली नाही. ती इंजिनाची जीभ झाली.

१०/ गॅरेजातील कोडे येथे सुटते. सेन्सरच्या आधीच्या जोडाला बारीक फट राहिली, तर तेथून धूर बाहेर पडतोच. शिवाय दोन धक्क्यांमधील क्षणिक कमी दाबामुळे बाहेरची हवाही आत शिरते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो. संगणक समजतो की पेट्रोल कमी पडते आहे आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. वाढवण्याची मर्यादा संपली की ‘मिश्रण विरळ’ असा पी-०१७१ संकेत नोंदवून दिवा पेटवतो. प्रत्यक्षात मिश्रण दाट झालेले असते : इंधन जास्त जळते, कन्व्हर्टर तापतो. अशा वेळी सेन्सर बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. (सांध्याला साधे सिलिकॉन लावले असेल, तर मात्र त्याच्या वाफांनी सेन्सर खरोखरच मरतो.)

११/ १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेतील मोटारींना ‘ओबीडी-२’ ही स्वयंनिदान पद्धती सक्तीची झाली. कन्व्हर्टरच्या मागे दुसरा सेन्सर आला. पुढच्याचे काम मिश्रण सांभाळणे; मागच्याचे काम कन्व्हर्टरवर पहारा. पुढचा संकेत सतत वर-खाली होतो; कन्व्हर्टर निरोगी असेल, तर मागचा जवळजवळ स्थिर राहतो. मागचाही तसाच हलू लागला, की पी-०४२० : उत्प्रेरक अकार्यक्षम. कन्व्हर्टर काढून सरळ नळी बसवली, तर हा दिवा हमखास पेटतो. तो बिघाड नव्हे, ती साक्ष आहे.

१२/ कायदाही पायरीपायरीने गॅरेजात शिरला. १९७० मध्ये उपकरणांशी छेडछाडीची बंदी उत्पादक व विक्रेत्यांपुरती होती. १९७७ मध्ये ती दुरुस्तीच्या दुकानांना लागू झाली. १९९० मध्ये प्रत्येक व्यक्तीला. म्हणजे त्यापूर्वी स्वतःच्या अंगणात स्वतःच्या गाडीचा कन्व्हर्टर काढणाऱ्यावर संघराज्याच्या या कायद्याचा हात पोहोचत नव्हता. कन्व्हर्टरनंतरची नळी वा सायलेन्सर बदलण्यास हा कायदा आजही आड येत नाही. तेथे प्रश्न स्थानिक ध्वनिमर्यादेचा असतो.

१३/ म्हणून निदानाचा क्रम इतिहासाच्या क्रमाने लावावा. आधी पहिले काम : आवाज, काजळी, घासणारी नळी. मग तिसरे : सेन्सरची वायर पिळली वा तापल्या नळीला टेकली आहे का, सेन्सरच्या पुढे गळती आहे का. संशयित जोडावर साबणाचे पाणी लावून नळीत कमी दाबाने हवा सोडावी. बुडबुडे फट दाखवतात. सर्वांत शेवटी दुसरे : कन्व्हर्टरवर आरोप. बहुतेक लोक नेमके उलट करतात आणि सर्वांत महाग भाग सर्वांत आधी बदलतात.

१४/ एक सावधगिरी मात्र क्रमाच्या आधीची आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दार बंद करून गॅरेजात इंजिन चालवून गळती शोधणे जिवावर बेतते. गाडीच्या तळाशी राहिलेली फट प्रवाशांपर्यंत विष पोहोचवते. तपासणी मोकळ्या जागीच व्हावी.

१५/ १८९७ च्या सायलेन्सरमागे प्रश्न होता शेजाऱ्याच्या कानांचा. १९७० च्या कायद्यामागे, शहराच्या फुप्फुसांचा. मोटार मालकाची असते. पण नळीचे शेवटचे टोक नेहमीच सार्वजनिक हवेत उघडते. शनिवारी संध्याकाळी पेटलेला तो पिवळा दिवा चालकाला याच गोष्टीची आठवण करून देतो. पुष्कळदा ती आठवण अवघ्या एका गॅस्केटच्या किमतीत मिटते. (समाप्त)